सही बाईंचीच होती

मुरुडच्या शाळेतल्या आमच्या बाईंनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. नांदेडला पोलीस निरीक्षक असताना निवृत्तीनंतर तिथेच राहायला आलेल्या त्याच बाईंच्या नावाचे वॉरंट माझ्या टेबलावर आले, तो दिवस विसरता येत नाही. दोन लाखांचा चेक वटला नव्हता.

हवालदार म्हणाला, "तीन तारखा झाल्या साहेब, बाई कोर्टात गेल्याच न्हाईत. लई पोचलेल्या दिसून राहिल्या."

मी स्वतः गेलो. बाई खाटेवर होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली.

"सही माझीच आहे रे. नाही कशी म्हणू? घर विकून देते पैसे."

चेक बँकेत टाकणाऱ्या फर्निचर दुकानदाराच्या वकिलाच्या नोटिशीलाही त्यांनी हेच उत्तर पाठवले होते. ते लिहून देणारा शेजारचा शिंपी मला जिन्यात भेटला.

"साहेब, आजारपणाआधी फर्निचरच्या बिलापायी बाईनं पुढच्या तारखांचे सहा चेक एकदम दिले होते. शेवटचा सही करून कोराच, हिशेब मागून करू म्हणून. मग राहिलेली रक्कम रोख दिली, पण चेक वापस मागायची शरम वाटली त्यांना. अन् आता तर बँकेत अंगठाच लावतेत!"

वॉरंट जामीनपात्र होते. तारखेला हजर राहण्याचा जातमुचलका घेतला, बाईंचा तक्रार अर्ज नोंदवला आणि दुकानदाराला ठाण्यात बोलावले. तो निर्धास्त होता.

"गेल्या दिवाळीत दोन लाख उसने दिले साहेब. चेक माझ्यासमोर लिहिला."

"सहीपण समोरच?"

"हाव, खुर्चीवर बसून."

"कोणत्या हाताने?"

"काय साहेब, मजाक करून राहिले का? उजव्याच!"

मी दवाखान्याचे कागद पुढे ठेवले. तो हात दिवाळीच्या वर्षभर आधीच गेला होता. दुकानदाराने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे कोर्टातून बाई सुटल्या.

चोर पुष्कळ पाहिले. पण खरे बोलल्यामुळे कुणाचे घर जायची वेळ आलेली प्रथमच पाहिली. पुढच्या तारखेचा चेक द्यावाच लागला, तर नाव, रक्कम, तारीख आपणच लिहावी. पैसे दिले की चेक मागून घ्यावा, शरम वाटली तरी.

निकालानंतर बाईंना पत्र लिहिले:

"आदरणीय बाई, साष्टांग नमस्कार. मी तुम्हाला वाचवले, असे तुम्ही सर्वांना सांगता. त्या दिवशी दारातूनच मी विचारले होते, 'पैसे का दिले नाहीत?' दिलेत का, असे विचारले नाही. तुम्ही मात्र म्हणालात, 'आधी बस.' क्षमा असावी. आपला विद्यार्थी."