सलाउद्दीनभाईचा डावा खुबा

घोडा घ्यायला निघालेली माणसं आधी कपाळावरचा भोवरा बघतात, मग रंग बघतात, मग जबडा उघडून दात मोजतात. सलाउद्दीन यातलं काहीच करत नाही. तो सरळ जमिनीवर उकिडवा बसतो, घोडा चालवायला सांगतो आणि खालचे चार पाय बघत राहतो. वरचा घोडा पांढरा आहे की तांबडा, हे त्याला नंतर विचारलं तर तो आठवून सांगतो. नंदुरबारात त्याचं घर, दाराशी दोन घोड्या. लग्नसराईत नवरदेव मिरवायचे आणि बाकीचं वर्ष लोकांना घोडे पारखून द्यायचे, हा धंदा त्याच्या बापापासून चालत आलेला.

मी नवनीत, रनाळ्याचा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून एकतीस वर्षं काढली आणि आता पेन्शन खातो. मी घोड्याला इंजेक्शन द्यायचं आणि सलाउद्दीनने त्याचा कान धरून उभं राहायचं, अशी आमची मैत्री जमली. माणूस चांगला, पण त्याचं नेहमी बरोबर येतं. अशा माणसाशी मैत्री टिकवणं सोपं नाही, हे ज्याने केलं त्यालाच कळेल.

त्याचा एक नियम साऱ्या खान्देशातले घोडेवाले मानतात. लंगडा घोडा विकायचा असला की काही लबाड व्यापारी सकाळी त्याला सुई टोचतात. दुखणं दबतं, घोडा संध्याकाळपर्यंत सरळ चालतो, सौदा होतो आणि तिसऱ्या दिवशी घेणाऱ्याच्या अंगणात तो पाय उचलून उभा राहतो. म्हणून सलाउद्दीन सांगतो, घोडा तीन दिवस बांधून ठेवा, चारा आणि पाणी सोडून काही देऊ नका, मग चालवा. या नियमापायी त्याच्याशी बोलणं टाकलेले व्यापारी मला ठाऊक आहेत.

तर या माणसाचा डावा गुडघा दुखायला लागला. करोनात तो बारा दिवस ऑक्सिजनवर होता, त्यातून वाचला, आणि पुढे दोनेक वर्षांनी हे सुरू झालं. मेहरुन्निसाभाभींनी तिळाचं तेल चोळलं, विटेचा शेक दिला, रुईची पानं बांधली. गुडघा काही ऐकेना. शेवटी मी त्याला आठवडी बाजारातल्या एका पुडीवाल्याकडे नेलं. हो, मीच नेलं. माझी कंबर त्याच्याच पुडीने दुखायची थांबली होती. पांढरी पूड, सकाळी एक, रात्री एक. कागदावर नाव नाही, गाव नाही. एकतीस वर्षं औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचलेल्या मला, यात काय आहे हे विचारावंसं वाटलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सलाउद्दीन घोडीवर टांग टाकून बसला. भूक वाढली, तोंड गोल झालं. भाभी मला म्हणाल्या, "नवनीतभाई, आपकी पुडी से इनकी तब्येत सुधर गई." मी दीड वर्ष त्या वाक्यावर मिरवलो. अधूनमधून गुडघा ठणकायचा, तेव्हा तो एकाच्या जागी दोन पुड्या घ्यायचा.

गेल्या नवरात्रात धानोऱ्याच्या चुडामणभाऊंनी आम्हाला बोलावलं. त्यांना त्यांची तांबडी घोडी सारंगखेड्याच्या जत्रेत विकायची होती. सलाउद्दीन पाण्याच्या हौदाशी घसरला आणि पायजमा चिखलाने माखला. चुडामणभाऊंनी मुलाची ट्रॅक पँट काढून दिली. निळी, बाजूला दोन पांढरे पट्टे, आणि घोट्याच्या वर वीतभर आखूड. मी दिवसभर हसत होतो. ती पँट घालून सलाउद्दीनने दोरी धरून घोडीला चार फेऱ्या मारून आणल्या, आणि चुडामणभाऊंनी मागून मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. मोबाइल इतका खाली धरला होता की घोडीचं पोट आणि पाय आले, माणसाची कंबर आणि पाय आले. डोकं दोघांचंही आलं नाही.

आठ दिवसांनी आम्ही माझ्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. सलाउद्दीनचा फोन वाजला. सुरतकडचे धर्मेंद्रभाई म्हणून त्याचं जुनं गिऱ्हाईक आहे. चुडामणभाऊंनी त्यांना घोडीचा व्हिडिओ पाठवला होता, आणि त्यांनी तोच सलाउद्दीनकडे पाठवून मत विचारलं होतं. कुणी धरली होती घोडी, हे त्यांना काय ठाऊक.

सलाउद्दीनने चष्मा लावला. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं.

"नवनीतभाऊ, हाई आपला चुडामणभाऊनी घोडी शे. घोडी एक नंबर. पन दोरी धरेल शे ना, त्या सालदारनं काही खरं नही. देखा, जवय डावा पाय टेकस तवय कंबर कशी एक बाजूले जास. गुडघा तर मस्त वाकी ऱ्हायना. त्याना खुबा गया."

मी बघितलं, आणि चहा नाकात गेला. मला बोलता येईना. तोवर या शहाण्याने धर्मेंद्रभाईंना आपल्या आवाजात निरोप पाठवूनही दिला. घोडी डोळे मिटून घ्या, पण तिच्या सालदाराला डॉक्टरकडे पाठवा, त्याचा डावा खुबा खराब झालाय आणि तो येडा गुडघ्याला तेल चोळत बसला असेल.

"सलाउद्दीनभाई," मी म्हणालो, "त्यानी पँट देखा."

"पँटनं काय?"

"निळी शे. दोन पट्टा शेतस. आखूड शे."

त्याने तिसऱ्यांदा बघितलं. मग तो हसत सुटला, इतका की कप ओट्यावरून खाली गेला. मीही हसलो. मग त्याने चौथ्यांदा बघितलं आणि हसणं थांबवलं. घोड्याच्या बाबतीत त्याचं कधी चुकत नाही, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवलं असावं. मला भीती वाटली.

तो निरोप धर्मेंद्रभाईंनी चुडामणभाऊंना पाठवला, चुडामणभाऊंनी गावाच्या ग्रुपवर टाकला. धानोऱ्यात त्यांच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या आमशाला, जो तो खुब्याची चौकशी करू लागला. तो बिचारा बांधावर पळून दाखवायचा.

दुसऱ्याच दिवशी मी सलाउद्दीनला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही. पाय आडवा धरून आत वळवला, तसा सलाउद्दीन टेबलावर उठून बसला. एक्स-रेत फारसं दिसलं नाही, मग एमआरआय काढला, त्यात दिसलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या अगदी बारीक. त्या कोंडल्या की हाड आतल्या आत मरायला लागतं, आणि दुखतं मात्र कित्येकदा गुडघ्यात. मला ते लगेच समजलं. ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाचं झाड आधी वाळतं, तसंच हे.

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. दारू पिता का? सलाउद्दीनला राग आला. बाई म्हणाल्या, रागावू नका, दारूने हे फार जणांना होतं, म्हणून विचारावंच लागतं. कधी पडलात, खुबा निखळला, मोडला? घोड्यावरून पडलो, पण मार खांद्याला. सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आपल्या जिल्ह्यात हा रक्ताचा आजार बराच, डॉक्टर विचारणारच. झाली होती, काही नव्हतं. करोनात इंजेक्शनं घेतली होती का? घेतली होती.

"ती स्टिरॉइडची असतील," बाई म्हणाल्या. "त्यांनी तुमचा जीव वाचवला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. क्वचित कुणाला त्यानंतर हे होतं. कित्येकदा कारण सापडतही नाही. पण त्यानंतर काही घेत होता? गोळी, पुडी?"

सलाउद्दीन खाली बघत म्हणाला, "बाजारमाईन पुडी लेत व्हतू."

"कोणी सांगितली?"

"कोन्ही नही."

मला वाचवत होता. मी बसल्या जागी पाणी पाणी झालो. मी म्हणालो, "बाई, मी नेलं त्यांना. मीही खातो." मी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी माझ्या गोल तोंडाकडे बघितलं, तिथल्या तिथे माझं बोट टोचलं, आणि माझी साखर इतकी निघाली की सलाउद्दीनला आजाऱ्याच्या टेबलावर हसू आलं.

अशा पुड्यांत बहुतेक वेळा स्टिरॉइड घातलेलं असतं, बाई म्हणाल्या. दुखणं दबतं, माणूस चालत राहतो, आणि खाली हाड मरत राहतं.

जिना उतरताना सलाउद्दीन पायरीवर थांबून एवढंच म्हणाला, "नवनीतभाऊ, आपीन दोन्ही सुई मारेल घोडा."

नशीब एवढंच की गोळा अजून गोल होता. हाडात बारीक भोक पाडून आतला दाब कमी करायचा, हे ऑपरेशन दिवाळीआधी झालं. पुडी एकदम तोडली तर अंग कोसळतं, म्हणून बाईंनी आम्हा दोघांनाही मोजून गोळ्या दिल्या, आठवड्या-आठवड्याला कमी होत जाणाऱ्या. सलाउद्दीनला अट एकच, पण जबर. तीन महिने डाव्या पायावर भार टाकायचा नाही. टाकला आणि गोळा दबला, तर सगळा सांधाच बदलावा लागेल, आणि मग घोडीवर बसणं आणि जमिनीवर उकिडवं बसणं विसरायचं. ज्याचा धंदाच उकिडवं बसून चालतो, त्याला हे सांगितलं. आणि जत्रा होती सात आठवड्यांवर.

सारंगखेड्याला तो कुबड्या घेऊन आला. एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, म्हणून भाभी बरोबर. उभ्या जन्मात त्या घोडेबाजारात आल्या नव्हत्या. एका प्लास्टिकच्या खुर्चीवर सलाउद्दीन बसला आणि दिवसभर लोक येऊन त्याच्या खुब्याची थट्टा करून गेले. त्याला ते आवडत होतं.

दुपारी धर्मेंद्रभाई आले. घोडी बघितली, पसंत पडली, आणि म्हणाले, सलाउद्दीनभाईंनी स्वतः चालवली तर घेतो, नाही तर नाही. त्यांनी कुबड्या बघितल्या होत्या, पण त्यांची आपली श्रद्धा. चुडामणभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी सलाउद्दीनला बाजूला घेतलं, म्हणजे खुर्चीशी वाकले.

"एकच दिवस शे भाऊ. एक पुडी ल्या, चार फेऱ्या मारा. मी लई येल शे."

त्यांनी खिशातून पुडी काढली. मी ती हिसकावणार होतो, पण सलाउद्दीनने मला डोळ्यांनी थांबवलं. त्याने पुडीकडे बघितलं, घोडीकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत काही ठरवायला त्याला एवढा वेळ लागलेला मी बघितला नव्हता. मला वाटलं, घेतो आता हा.

"चुडामणभाऊ," तो म्हणाला, "हाई घोडीले सुई मारीसन मी इकू का?"

चुडामणभाऊंनी पुडी खिशात टाकली.

मग त्याने हाक मारली, "मेहरू, दोरी पकड." भाभींनी पदर खोचला. घरी गेली तीस वर्षं घोड्यांना चारा घालणारी, पाणी दाखवणारी बाई ती. घोडी त्यांच्यामागे निमूट चालू लागली. गर्दी बाजूला झाली. धर्मेंद्रभाई दुसऱ्या फेरीतच मान डोलवू लागले.

मी सलाउद्दीनकडे बघितलं. तो घोडीकडे बघत नव्हता. चौथी फेरी संपली, लोक टाळ्या वाजवू लागले, सौदा झाला. भाभी हसत, घामाघूम होऊन खुर्चीशी आल्या.

"मेहरू, घुटना कबसे दुखता तेरा? सीधे पैर का."

"सात साल हुए," भाभी सहज म्हणाल्या. "तुम को क्या मालूम, तुम घोड़ों में."

"कुछ खाती क्या?"

त्या जरा अडखळल्या. "तुम्हारी पुडियाँ बची थीं, आटे के डिब्बे में. फेंकने का जी नहीं हुआ."

सलाउद्दीनने त्यांचा हात धरला, चारचौघांत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मान वळवली. तिथूनच मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला आणि सोमवारचा नंबर घेतला, नवरा-बायको दोघांचा.