अर्धं मैदान

मी पोरांना फसवलं. आमच्या गावच्या शाळेतल्या पोरांना, चार वर्षांपूर्वी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलासुद्धा.

माझ्या ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या आहेत. एकेक करून उभ्या केल्या, कुणी फुकट दिल्या नाहीत. अकराव्या वर्षी माझ्या हातात कोयता आला, तेव्हा तुला काय हवंय असं कुणी विचारलं मला? मग या पोरांचेच एवढे लाड कशाला? तो राग अजून पुरता गेलेला नाही.

ग्रामसभेआधी आमच्याकडे पोरांची बालसभा भरते. त्यांचे ठराव मोठ्यांपुढे येतात. त्या वर्षी सहावीतली समीक्षा ठरावाचा कागद घेऊन आधी माझ्याच दारात आली. शाळा समितीचा अध्यक्ष मी, आणि मैदानावर उभ्या ट्रॉल्याही माझ्याच.

"काका, आमास्नी मैदान पायजे. तुमच्या ट्रॉल्या कबड्डी खेळत्यात व्हय?"

हसू आलं. रागही आला. आणि मग – सवयच ती – मी घासाघीस सुरू केली.

"पाव देतो."

"सगळं पायजे."

अर्ध्यावर सौदा जमला. "पर हद्दीचं खांब आमी सांगू तितंच रोवायचं," तिनं बजावलं. पोरगी तयारीची होती. फक्त एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती आणि मला होती – सगळं मैदान शाळेच्याच नावावर होतं. उतारा माझ्या कपाटात होता. त्यांचंच त्यांना अर्धं दिलं आणि वर उपकार केल्यासारखं दाखवलं.

पोरांनी आभाराचं पत्र आणून दिलं. मी ते घेतलं. कसं घेतलं असेल मी?

यंदाच्या पोरांनी उतारा स्वतः काढला, टेप लावून मैदान मोजलं. परवाच्या ग्रामसभेत त्यांचा ठराव वाचला गेला : अर्धं मैदान कुणी अडवलं, याचं उत्तर मिळावं. सरपंचांनी बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकावर ढकललं. मी – मी मान डोलावली.

तेवढ्यात मागून समीक्षा उठली. आता दहावीत आहे.

"अर्ध्यावर मीच कबूल झालते. चूक माझी हाय."

मी जागचा उठलो नाही.

चूक तिची नव्हती. सरपंचांची नाही, ग्रामसेवकाची नाही. पोरांनो, पुढच्या सभेत माझं नाव घेऊन विचारा. उत्तर मी दिलं पाहिजे – तिच्यासमोर, उभं राहून.