बिसेनमामांचं मुकं मीटर

नवा जोड झाला की आमचे जुने फिटर बिसेनमामा सगळ्यांना गप्प करत आणि खिशातून आपलं विजेचं मीटर काढत. आमच्या गोंदियाच्या तांदूळ मिलमध्ये धान भिजवायची टाकी स्टीलची होती आणि तिला गरम पाणी आणणारा पाइप लोखंडी. मामा मीटरचं एक टोक टाकीच्या अंगाला टेकवत, दुसरं पाइपाला. मीटर गप्प राहिलं की खूश. "मुकं हाय, म्हंजे बेस हाय," म्हणत बिडी पेटवत. टूंऽ वाजलं, की मात्र जोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

मी मेंटेनन्सचा सुपरवायझर, डिप्लोमावाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी शाळा घेतली. "साहेब, स्टील अन् लोखंड गरम पान्यात एकमेकाले भिडले का लोखंड मरते. स्टीलले काई नाई होत. म्हनून मधात रबर, अन् हर बोल्टाले प्लास्टिकची नळी. एक बोल्ट उघडा राह्यला तरी दोन्ही भिडते, मीटर वाजते, अन् सारं फुकट."

एका वर्षी दिवाळीनंतर धानाच्या गाड्या फाटकाशी खोळंबल्या होत्या, आणि ठेकेदाराच्या माणसांनी घाईत नवा पाइप टाकीला जोडला. मामांनी मीटर लावलं. वाजलं. दोन बोल्ट नळीशिवाय तसेच ठोकले होते.

"पानी टपक रहा है क्या?" मॅनेजर खेकसला. "नहीं ना? तो चालू करो!"

"आज नाई टपकत म्हनून का?" मामा म्हणाले. "मी सही करत नाई."

मॅनेजरनं जोड तपासल्याचा कागद माझ्याकडे सरकवला. दोन बोल्ट बदलायला अर्धा दिवस पुरला असता. मी सही केली. आज लिहितानाही माझाच मला संताप येतो. मामांना त्यानं अडेलतट्टू ठरवून बॉयलरची राख ओढायला धाडलं, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

पुढच्या हंगामात त्याच जोडालगत पाइप फुटला. खाली झाडत असलेल्या रुखमाबाईचे दोन्ही पाय भाजले. मॅनेजरनं रिपोर्टात लिहिलं, पाइप जुना होता. एका वर्षात जुना! हरामखोर. त्या माणसाला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. टाकी तर नव्यासारखी चकचकत होती.

दवाखान्यात मामा रुखमाबाईच्या खाटेशी बसले होते. मला वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मीटर काढून माझ्या हातात ठेवलं.

"धरा साहेब. याची काई चूक नाई. हे तं बोललं होतं."

रुखमाबाईनं मान वळवली. "काय बोललं होतं, मामा?"

मामा उठले आणि आपलं स्टूल माझ्यासाठी खाटेजवळ सरकवलं.