तोंडातल्या टाचण्या

आमच्या ताईला गप्प करायचं असेल तर एकच उपाय आहे: अर्धवट शिवलेला कपडा अंगात घालायचा आणि तिच्यासमोर उभं राहायचं. फिटिंग करताना ती ओठांत टाचण्या धरते आणि तेवढा वेळ दुकानात शांतता नांदते. गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक आहे. बायका घरची गाऱ्हाणी नेमकी तेव्हाच सांगून घेतात, कारण मध्येच सल्ला येत नाही. भाऊजींनी तर लग्नाचंही तेव्हाच विचारलं. पँटची उंची बघायला आले होते बिचारे. "नाही म्हणायला तोंड मोकळं कुठे होतं?" असं ताई अजून सांगते, आणि सांगताना लाजते.

एरवी तिचं तोंड तिच्या मशीनसारखं. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. मी तिची धाकटी बहीण. सुट्टीच्या दिवशी काज-बटणं करायला तिच्या दुकानात बसते, तेव्हा त्या माऱ्यातला मोठा वाटा माझाच.

ताईची एकुलती एक लेक कॉलेजच्या संघातून अडथळ्यांची शर्यत पळते. लांब काटकुळ्या पायांमुळे आम्ही तिला टिटवी म्हणतो. पण टिटवी ती पायांपुरतीच, आवाज सगळा आईने ठेवून घेतला. लहानपणी दातांच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठे दुखतंय, बाळ?" तर ताईनेच आ वासला आणि स्वतःच्या दाढेवर बोट ठेवून दाखवलं. डॉक्टर गोंधळून ताईच्याच तोंडात बॅटरी मारायला लागले. बुटांच्या दुकानात "अंगठ्याला लागतोय तिला" हे ताईच सांगायची, आणि ते खरंही असायचं. लेकीचं दुखणं आईला आधी कळायचं. मग लेकीने तोंड उघडावं तरी कशाला?

टिटवीच्या नडगीचं दुखणंही ताईलाच आधी कळलं. पोरगी जिना उतरताना कठड्याला धरायला लागली होती. ताईने तिला डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, काही आठवडे उड्या पूर्ण बंद. तसंच रेटलं तर हाडाला चीर जाईल. इकडे कॉलेजच्या सरांनी मोठ्या स्पर्धेची तयारी म्हणून रोज सकाळी कडक जमिनीवर उड्यांचा सपाटा लावलेला. आणि टिटवी त्या मुकाट्याने मारत होती. सरांना सांगितलं तर ते संघातून काढतील, ही तिची भीती.

"मी बोलते सरांशी," ताई म्हणाली.

"आई, तू आलीस तर मी मैदान सोडेन."

"आणि तू नाही बोललीस तर तुझा पाय तुला सोडेल!"

टिटवीच्या धमकीला कारण होतं. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की तक्रार असेल तर खेळाडूने स्वतः यावं, आईबाबांना पाठवू नये. तरी एका मुलाचे वडील भांडायला गेले. सरांनी ऐकून घेतलं, चहाही पाजला. पण पोरं त्या मुलाला 'बाबांचा लाडका' म्हणायला लागली आणि तो पुढे मैदानावर फिरकलाच नाही. मला विचाराल तर हा नियम मला अजिबात पटला नव्हता. आई म्हणजे काय परकी बाई आहे? हाड मोडल्यावर उशाशी कोण बसणार, सर? मी ताईला सांगितलं, सरळ जा आणि झाड त्यांना. पण ताईने, कधी नव्हे ते, लेकीशी तह केला. स्पर्धेच्या संचलनासाठी संघाचे कोट तीच शिवत होती. ती म्हणाली, "कोटांच्या फिटिंगला मी कॉलेजात येणार आहे. तोवर तू बोल. नाही बोललीस तर मी बोलणार, मग तू मैदान सोड नाहीतर घर सोड."

फिटिंगचा दिवस उजाडला, तरी टिटवी बोललेली नव्हती. हे ताईने सकाळी तिच्या पोळीच्या तुकड्यांवरून ओळखलं. एकही पोटात गेला नव्हता.

मीही ताईच्या मदतीला कॉलेजात गेले. मैदानाला लागून सामानाची खोली होती. भिंतीशी अडथळे एकावर एक रचलेले, कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या, सगळीकडे रबराचा आणि घामाचा वास. पोरापोरींचे कोट एकेक करून झाले. टिटवीचाही झाला, मायलेकी एकमेकींकडे न बघता. सगळे पांगले. शेवटी सर आले, कोट चढवून आरशासमोर उभे राहिले. टिटवी दारातच घुटमळत होती, एका पायावर भार देऊन.

ताईने हातातली टेप गळ्यात टाकली. "सर, जरा बोलायचं होतं."

"बोला ना."

टिटवीने आईकडे बघितलं. रागाने नव्हे हो. लहानपणी पडली की रडायच्या आधी जशी बघायची, तशी. माझाच जीव गलबलला. ताईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग डबीतून टाचण्या उचलल्या आणि एकामागून एक ओठांत धरल्या. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

"काय म्हणत होतात?" सरांनी विचारलं.

"म्हं," ताई म्हणाली, आणि त्यांच्या बाहीशी वाकली.

टिटवी आत आली. "सर, ते... मला... म्हणजे माझं..." आणि अडकली. मला तर तिचं वाक्य हिसकावून पुरं करावंसं वाटत होतं. सर वैतागून ताईकडे वळले. "अहो, हिला काय म्हणायचंय? तुम्ही तरी सांगा."

ताईने मान वर केली. डोळे भरलेले, ओठ गच्च मिटलेले. तिने हनुवटीने लेकीकडे खूण केली.

"माझी नडगी दुखते," टिटवी म्हणाली. एकदम, मोठ्याने. "बरेच दिवस. डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्यात. मी तरी मारत होते."

"आणि मला आत्ता सांगतेस?" सर चिडले. चांगलेच चिडले. "पाय मोडून घ्यायचा होता?"

"तुम्ही काढाल म्हणून नाही सांगितलं."

"काढणारच. या स्पर्धेत तू पळणार नाहीस."

टिटवीचा चेहरा पडला. मला वाटलं, आता रडणार आणि पळणार. पण ती जागची हलली नाही. "नका पळवू. पण संघातून काढू नका. मी पोहते, सायकल मारते, उड्या सोडून सांगाल ते करते. आणि सर, त्या कडक जमिनीवर बाकीच्यांचेही पाय दुखतात. कोणी बोलत नाही."

सरांनी कोटाची बटणं काढायला घेतली. मग पुटपुटले, "उद्यापासून सगळ्यांना गवतावर घेतो." आणि जरा थांबून, "तू सायकल घेऊन ये. कोटही घालायचा आहेस. संचलनाला उड्या लागत नाहीत."

बाहेर नळाशी आलो तेव्हा टिटवीने विचारलं, "आई, तू मध्ये बोलली कशी नाहीस गं?"

"तोंडात टाचण्या होत्या ना," ताई म्हणाली.

पण सरांचा कोट त्यांना मापात बसला होता. एकही टाचणी लावायची नव्हती, आणि तिने एकही लावली नव्हती. सगळ्याच्या सगळ्या तिच्या ओठांतच होत्या.

टिटवीचं लक्ष आईच्या ओठाकडे गेलं. तिथे रक्ताचा थेंब आला होता. तिने ओंजळीत पाणी घेतलं, आईची हनुवटी वर केली. "आ कर बघू. कुठे टोचलंय?"

ताईने निमूटपणे आ केला.