डोळे रंगवणारी

घरात तिला सगळे तंद्री म्हणायचे. दूध उतू जायचं आणि ही शेगडीसमोर उभी राहून सायीच्या सुरकुत्या बघत असायची. "घर वाहून गेलं तरी ही पाण्याचा रंग बघत बसेल," असं आई म्हणायची. तरी शाळेत मार्क चांगले पडले. बाबा गणिताचे मास्तर. कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भरून ठेवला होता.

निकालानंतरच्या सुट्टीत आजारपणामुळे आत्याचा एक डोळा काढावा लागला. जखम भरल्यावर खोटा डोळा बसवून घ्यायचा होता. सोबतीला दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून तंद्री गेली.

डोळे करणाऱ्या काकांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. मोठी खिडकी, रंगांच्या बुटक्या बाटल्या आणि लाल रेशमाचं एक रीळ. त्या रेशमाचे तंतू सुटे करून काका डोळ्याच्या पांढऱ्या भागात शिरा बसवायचे. त्यांनी आत्याला उजेडात बसवलं आणि तिच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बटणाएवढ्या चकतीवर रंग चढवायला घेतला.

"आत्याचे डोळे तपकिरी आहेत," तंद्री म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात. नीट बघ."

ती बघत राहिली. कडेला धुरकट कडं, आत मधाचे पदर, बाहुलीकडे निघालेल्या बारीक रेघा. जणू पाण्याखालचं गवत सावकाश हलत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"खाली, डावीकडे, एक हिरवा कण आहे," ती हळूच म्हणाली.

काकांनी भिंग लावलं. "आहे खरा," म्हणाले आणि हिरव्या रंगासाठी ब्रश धुवायला घेतला.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच जिना चढली आणि 'मला हे काम शिकवा' म्हणाली. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"आधी कॉलेज पूर्ण कर, मग कर काय करायचं ते!"

"काकांचे हात आत्ताच थरथरतात, बाबा. तेवढी वर्षं थांबतील का ते हात?"

बाबांनी अबोला धरला.

पहिलं वर्षभर काकांनी तिला रंगाला हात लावू दिला नाही. नुसतं घासणं. पापणी अलगद सरकेल इतका डोळ्याचा पुढचा भाग गुळगुळीत झाला पाहिजे. घासता घासता ती कुठल्या कुठे पोचायची, पण बोटं मात्र जागी असायची. बसमध्ये ती समोरच्यांच्या डोळ्यांत हरवून दोन-दोन थांबे पुढे जायची. एकदा एका बाईनं तिला "काय गं, कधी माणूस पाहिलं नाहीस का?" म्हणून चांगलं झापलंसुद्धा.

मग एके दुपारी बाबा आले. तिला घरी न्यायलाच आले असावेत. खुर्चीवर एक ट्रकवाला बसला होता. नवा डोळा बसवून तो आरशात बघत होता, मान वळवत होता, पुन्हा बघत होता. बाबा दाराशीच उभे राहिले.

परतताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "त्या माणसाचा खोटा डोळा डावा होता ना?"

"उजवा, बाबा."

बाबा थांबले. मग इतके हसले की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. अबोला तिथेच सुटला.

पुढे काकांचे हात खरोखरच थकले. ते खिडकीपाशी बसून नुसते बघायला लागले आणि तंद्री त्यांच्या खुर्चीवर बसली. आता तिचेही केस पिकलेत. परवा एक तरुण बाई आली होती. डोळा बसला, छान जुळला, तरी ती उठेना. शेवटी म्हणाली, "ताई, एक विचारू? मला रडता येईल का?"

"येईल की," तंद्री म्हणाली. "पाणी दोन्हीकडून येतं."

बाई तिथेच रडली. तंद्रीनं तिला घाई केली नाही. ती शेजारी बसून बघत राहिली.