भेंडीचा शेंडा

अमेरिकेत पार्सिपनीच्या आमच्या देशी दुकानात कधी दुपारी गेलं, की भेंडीच्या खोक्यापाशी एक काका हमखास दिसतात. नाव मला अजूनही माहीत नाही. ‘शेंडे मोडू नयेत’ ही पाटी बहुधा त्यांच्यासाठीच लावलेली आहे. तिच्याकडे पाठ करून ते एकेक शेंडा मोडून बघतात. कटकन मोडला तर भेंडी पिशवीत, नुसता वाकला तर परत खोक्यात.

जूनमध्ये एका दुपारी त्यांच्या शर्टावर मत दिल्याचा स्टिकर होता.

“काका, इलेक्शन नोव्हेंबरमध्ये ना?” मी विचारलं.

“आज प्रायमरी. नोव्हेंबरात कोण उभं राहणार, ते आज ठरतं. तुम्ही सिटिझन आहात ना?”

“हो, पण मी डायरेक्ट नोव्हेंबरमध्येच व्होट करतो. आणि तेव्हा दोघंही इतके बोगस असतात, की चॉइसच नसतो यार!”

काकांचा हात थांबला. “एरवी भाजीला किती वाजता येता?”

“ऑफिस सुटल्यावर, सातला. तेव्हा सगळी निबर भेंडीच उरलेली असते.”

“उरणारच. कोवळी मी दुपारीच नेलेली असते.”

मला भलताच जोर चढला. “आत्ता जातो आणि व्होट करतो!”

“उभे कोण कोण आहेत, माहितीये?”

माहीत नव्हतं.

“मग आधी घरी जाऊन वाचा. केंद्र आठपर्यंत उघडं आहे.”

एवढं बोलून त्यांनी मी न निवडताच भरलेली भेंडीची पिशवी ओढली. वरच्या भेंडीचा शेंडा दाबला. तो वाकला. दुसरा दाबला, तोही वाकला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी अख्खी पिशवी खोक्यात रिकामी केली.