उत्तरेला भाऊ बसला होता

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस. देवाला नमस्कारसुद्धा बायको बघत असेल तरच करतो. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही... मी तुमच्या जागी असतो तर दोन कॉमेंट्सही टाकल्या असत्या.

मी मीरा रोडला राहतो. रिटायर झाल्यापासून दर रविवारी दुपारी तीनला ऑनलाइन ब्रिजची टूर्नामेंट खेळतो. माझ्या भिडूला सगळे भाऊ म्हणतात — जवळच्याच राईगावचा, सत्तरीचा, बायको गेल्यापासून जुन्या घरात एकटाच. ब्रिज तो बोटीवर नोकरीला असताना शिकला आणि मी त्याच्याकडून शिकलो. म्हणून माझ्या चुकांना निम्मा जबाबदार तोच, असं मी मानतो. तो मानत नाही.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी एवढंच — चार खेळाडू चार दिशांना बसतात, भिडू समोरासमोर. ऑनलाइन टूर्नामेंटमध्ये कोण कुठे बसणार हे कॉम्प्युटर ठरवतो. आमच्या साइटचा नियम असा, की भिडूला जो आमंत्रण पाठवतो तो उत्तरेला किंवा पूर्वेला, आणि जो ते स्वीकारतो तो त्याच्या समोर. पहिल्या डावाचा डीलर नेहमी उत्तर. पानं कॉम्प्युटरच वाटतो, डीलरनं फक्त पहिली बोली बोलायची.

आमच्यात आमंत्रण नेहमी मीच पाठवायचो. भाऊला ते बटण कुठे असतं हेही माहीत नव्हतं. "बोलावनं तुमचं काम, साहेब. मी यायचं काम करतो," म्हणायचा.

तर हे सगळं घडलं त्याच्या आदल्या रविवारी मी एक पराक्रम केला. भाऊनं जीव तोडून बोली चढवत नेली, आता फक्त मी एक पायरी वर जायचं — आणि मी ठेपला खात होतो. तेलकट बोट घसरलं, 'पास' दाबलं गेलं. हातचा मोठा डाव गेला. भाऊचा फोन आला.

"साहेब, तुमच्यापरीस रोबो बरा."

"मग रोबोशीच खेळ!" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आठवडाभर बोलणं बंद. या रविवारी आमंत्रण पाठवायचं नाही, असं मी ठरवलंच होतं. बायको म्हणाली, "अहो, एक फोन करा ना. एकटा असतो तो." मी म्हटलं, त्याला गरज असेल तर तो करेल. जेवलो, आडवा झालो.

दोन चाळीसला टॅब वाजला. भाऊचं आमंत्रण!

"झुकला म्हातारा!" मी ओरडलो आणि 'स्वीकारा' दाबलं.

तीन वाजले. पानं आली, हात झकास होता. स्क्रीनवर दिसलं — डीलर उत्तर. उत्तर म्हणजे मी, ही आपली सवय! मी 'एक बदाम' दाबलं. काही नाही. परत दाबलं. राउटर बंद करून चालू केला. प्रतिस्पर्ध्यांपैकी एकानं लिहिलं, "अंकल, सो गये क्या?" मी वायफायवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, तेवढ्यात बायको मागून डोकावली.

"अहो, तुमच्या पानांखाली 'दक्षिण' लिहिलंय."

अरेच्चा! आमंत्रण भाऊचं, म्हणजे उत्तरेला भाऊ. बोली त्याची. आणि तो गप्प. जरा वेळानं टूर्नामेंटच्या डायरेक्टरनं त्याच्या जागी रोबो, म्हणजे खेळणारा कॉम्प्युटरच, बसवला.

आता माझ्या लक्षात आलं — म्हणजे मला वाटलं — की हा सूड आहे! मुद्दाम बोलावलं, चारचौघांत बसवलं आणि रोबोच्या हवाली केलं. फोन चार वेळा केला, उचलेना. तसाच उठलो, रिक्षा पकडली आणि राईला गेलो. भाषण वाटेतच तयार केलं होतं.

दार आतून बंद. मी मागच्या खिडकीपाशी जाऊन सुरू झालो, "भाऊ, बाहेर ये! मर्द असशील तर—"

आतून अगदी बारीक आवाज आला. "साहेब... पानी."

शेजाऱ्यांनी दार फोडलं. सकाळी नऊला न्हाणीच्या उंबऱ्यात पाय घसरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, त्यात डायबिटीस, पोटात काही नाही. ओरडून ओरडून आवाज गेलेला. मुलगी वसईला असते, ती रोज रात्री फोन करते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "रात्रीपर्यंत राहिले असते तर..."

चार दिवसांनी भाऊ जरा माणसात आल्यावर मी म्हटलं, "बरं झालं, मला बोलावलंस."

"मी? तुला बोलावनार?" आयुष्यात पहिल्यांदा मला 'तुला' म्हणाला. "मेलो तरी न्हाय!"

त्याचा टॅब शोकेसवर होता, कव्हरमध्ये. आम्ही आत शिरलो तेव्हा मीच पाहिला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. पासवर्ड मुलीलाही ठाऊक नाही. मी डायरेक्टरला विचारलं. उत्तर आलं — आमंत्रण भाऊच्या खात्यातून, दोन चाळीसला, नेहमीच्याच टॅबवरून.

माझा लौकिक बघता, मीच आमंत्रण पाठवून विसरलो असेन, असं तुम्ही म्हणाल. बायकोही आधी तेच म्हणाली. पण मग मी दक्षिणेला कसा?

मला याचा उलगडा आजही झालेला नाही.

भाऊ घरी आल्यावर त्याची मुलगी डबा घेऊन आमच्याकडे आली. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं. पाया पडायला लागली. मी मागे सरकलो. "अगं, मी वाचवायला नव्हतो गेलो. भांडायला गेलो होतो."

"मग काका, हा डबा कोनाला देऊ?"

मी डबा घेतला. आम्ही दोघं जेवायला बसणार, तेव्हा बायकोनं तिसरं ताट मांडलं आणि ती पाणी आणायला आत गेली. मी आधी त्या ताटात वाढलं, हात जोडले, आणि मग लक्षात आलं — बायको तर अजून स्वयंपाकघरातच होती, बघायला कोणीच नव्हतं.